घटस्फोट आणि संयुक्त गृहकर्जाचे घर

घटस्फोट आणि संयुक्त गृहकर्जाचे घर हा भारतातील कौटुंबिक कायदा, मालमत्ता कायदा आणि बँकव्यवहार यांच्या सीमेवरील विषय आहे. पती-पत्नींनी दोघांच्या नावे कर्ज काढून घेतलेले आणि त्या कर्जापोटी गहाण असलेले घर विवाहविच्छेदानंतर कोणाकडे राहते, उरलेले कर्ज कोण फेडते आणि दोघांपैकी कोणाला किती रक्कम मिळते, या प्रश्नांचा त्यात विचार होतो. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने विवाहाचे बंधन संपते. परंतु बँकेशी केलेला कर्जाचा करार त्यामुळे संपत नाही. हुकूमनामा पती-पत्नींना बंधनकारक असतो, त्या दाव्यात पक्षकार नसलेल्या बँकेला नव्हे. या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ या एका भेदात आहे.

तीन स्वतंत्र नाती

संयुक्त कर्जाच्या घराशी प्रत्येक जोडीदाराची तीन वेगवेगळी नाती असतात. व्यवहारात ती एकच समजली जातात. कायदा मात्र त्यांचा स्वतंत्र विचार करतो.

मालकी: खरेदीखतात अथवा विक्री करारात ज्यांची नावे आहेत ते घराचे मालक असतात. दोन्ही नावे असल्यास ते सहमालक ठरतात.

कर्ज: बँकेच्या करारावर ज्यांनी सही केली ते कर्जदार आणि सहकर्जदार असतात. मालकी नसलेली व्यक्तीही सहकर्जदार असू शकते. केवळ उत्पन्नाची जोड मिळून कर्जाची मर्यादा वाढावी म्हणून जोडीदाराची सही घेतली जाते, तेव्हा असे घडते.

ताबा: घरात प्रत्यक्ष कोण राहते, हा तिसरा प्रश्न. राहण्याचा हक्क मालकीतून येऊ शकतो, तसाच न्यायालयाच्या आदेशातूनही येऊ शकतो.

एखाद्या जोडीदाराने घर सोडले म्हणून त्याची मालकी जात नाही. मालकी सोडली म्हणून कर्ज सुटत नाही आणि हप्ते भरले म्हणून आपोआप पूर्ण मालकी मिळत नाही. हक्कसोडपत्र करून दिल्यावरही कर्जाच्या करारावरील नाव कायम राहिले, तर त्या व्यक्तीकडे घर नसते, देणे मात्र उरते.

कायदेशीर पार्श्वभूमी

भारतात वैवाहिक मालमत्तेच्या विभागणीचा सर्वांना लागू होणारा स्वतंत्र कायदा नाही. विवाहानंतर मिळवलेली मालमत्ता आपोआप दोघांची होते, हे तत्त्व गोव्याचा अपवाद वगळता भारतीय कायद्यात नाही. घटस्फोटाचे कायदे धर्मानुसार किंवा विवाहाच्या प्रकारानुसार भिन्न आहेत. हिंदू विवाह कायदा १९५५, विशेष विवाह कायदा १९५४, पारशी विवाह व घटस्फोट कायदा १९३६ आणि ख्रिस्ती विवाहांना लागू असणारा घटस्फोट कायदा १८६९ हे त्यांतील प्रमुख होत. घराची मालकी मात्र मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सारख्या सर्वसाधारण कायद्यांनुसारच ठरते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ नुसार, विवाहाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या आणि पती-पत्नींच्या संयुक्त मालकीच्या मालमत्तेबाबत न्यायालय हुकूमनाम्यात तरतूद करू शकते. अनेक वर्षांनी कर्ज काढून घेतलेले घर या कलमाच्या कक्षेत सहसा बसत नाही. कलम २५ नुसार कायमस्वरूपी पोटगी ठरवता येते आणि आवश्यक असल्यास तिचा बोजा पोटगी देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम ७ नुसार विवाहातील पक्षांमधील मालमत्तेचे वाद ऐकण्याचा अधिकार कौटुंबिक न्यायालयाला आहे. त्यामुळे घटस्फोटाची याचिका आणि घराचा वाद एकाच न्यायालयात येऊ शकतात.

पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात दिले. गृहकर्जाची शिल्लक आणि मासिक हप्ता यांची माहिती या प्रतिज्ञापत्रामुळे न्यायालयासमोर येते.

मालकीतील हिस्सा

खरेदीखतात दोघांचे हिस्से स्पष्ट लिहिलेले असतील, उदाहरणार्थ ६० टक्के व ४० टक्के, तर सामान्यतः तेच ग्राह्य धरले जातात. हिस्से लिहिलेले नसल्यास मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४५ उपयोगी पडते. त्यानुसार दोघांनी वेगवेगळा पैसा घालून मालमत्ता घेतली असेल, तर घातलेल्या रकमेच्या प्रमाणात हिस्से ठरतात. रकमेचा पुरावा नसल्यास हिस्से समान मानले जातात. म्हणून बँकेचे खातेउतारे, सुरुवातीला भरलेल्या रकमेच्या पावत्या आणि हप्ते कोणत्या खात्यातून गेले याची नोंद यांना वादात महत्त्व येते.

हप्ते एकट्याने भरणाऱ्याला घर आपले एकट्याचेच आहे असे वाटणे स्वाभाविक असते. परंतु संयुक्त नावावरील घराचे पैसे पतीने एकट्याने भरले म्हणून तो एकमेव मालक ठरत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मधील एका निकालात म्हटले. बेनामी मालमत्ता व्यवहार प्रतिबंध कायद्यातही जोडीदाराच्या नावे ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला अपवाद करण्यात आला आहे.

याउलट घर केवळ एकाच्या नावावर असेल आणि दुसऱ्याने संसार सांभाळला असेल, तर त्या श्रमाचे मोल कसे करायचे, असा प्रश्न उभा राहतो. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने गृहिणीचे घरातील श्रम हे मालमत्ता उभी करण्यातील अप्रत्यक्ष योगदान मानले आणि तिचा हिस्सा मान्य केला. हा निकाल महत्त्वाचा मानला जातो; तथापि तो एका उच्च न्यायालयाचा निकाल असून त्याला देशव्यापी कायद्याचे स्वरूप नाही.

कर्जाचे दायित्व

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ४३ नुसार दोन व्यक्तींनी मिळून वचन दिले असेल, तर ज्याला वचन दिले तो त्यांपैकी कोणा एकाकडूनही संपूर्ण पूर्तता मागू शकतो. त्यामुळे बँक संपूर्ण थकबाकी दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकते. ‘माझा अर्धा हिस्सा मी भरला’ हा बचाव बँकेपुढे चालत नाही. ज्याला वाट्यापेक्षा अधिक रक्कम भरावी लागली, तो याच कलमाच्या आधारे दुसऱ्याकडून तिचा वाटा मागू शकतो. पण ही मागणी त्या दोघांमधील असते.

हुकूमनाम्यात ‘यापुढील सर्व हप्ते पती भरील’ असे लिहिलेले असले, तरी त्याने हप्ते थांबवल्यास बँक पत्नीकडे मागणी करू शकते. पत्नीला हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी पतीविरुद्ध न्यायालयात जाता येते, परंतु हुकूमनामा दाखवून बँकेची वसुली थांबवता येत नाही. थकबाकीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडेही दोघांच्या नावे होते. त्याचा परिणाम पुढे भाड्याचे घर सोडून स्वतःचे लहान घर घेऊ पाहणाऱ्या, हप्त्यांशी प्रत्यक्ष संबंध न उरलेल्या जोडीदारालाही भोगावा लागतो.

सहकर्जदाराचे नाव कमी करायचे असल्यास बँकेची लेखी संमती लागते. उरलेल्या एकाच्या उत्पन्नावर कर्ज पेलते का, हे बँक नव्याने तपासते. ते पेलत नसल्यास बँक नकार देऊ शकते, नवा सहकर्जदार किंवा जामीनदार मागू शकते, अथवा कर्जाचा काही भाग आधी फेडण्यास सांगू शकते. अनेकदा जुने कर्ज बंद करून एकाच नावाने नवे कर्ज घेतले जाते. हा मार्ग सर्वांत निःसंदिग्ध असतो. वैयक्तिक कर्जदाराने बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास त्यावर दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. त्यामुळे असे कर्ज बंद करण्याचा खर्च मर्यादित राहतो.

उपलब्ध मार्ग

१. घर विकून कर्ज फेडणे

दोघांच्या संमतीने घर विकले जाते, विक्रीच्या रकमेतून प्रथम बँकेचे कर्ज फेडले जाते आणि उरलेली रक्कम हिश्शानुसार वाटली जाते. या मार्गाने मालकी, कर्ज आणि ताबा ही तिन्ही नाती एकाच वेळी संपतात. बँक शिल्लक कर्जाचे पत्र देते, खरेदीदार किंवा त्याची बँक ती रक्कम थेट कर्जखात्यात भरते आणि त्यानंतर मूळ कागदपत्रे मोकळी होतात. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करणे बँकांना बंधनकारक आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून लागू केला.

२. एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेणे

मुलांची शाळा, वृद्ध आईवडील किंवा नोकरीचे ठिकाण यांमुळे एका जोडीदाराला त्याच घरात राहायचे असते, तेव्हा हा मार्ग निवडला जातो. राहणारा जोडीदार दुसऱ्याला त्याच्या हिश्शाचे मूल्य देतो, कर्ज आपल्या एकट्याच्या नावावर घेतो आणि दुसरा नोंदणीकृत दस्ताने आपला हक्क सोडतो. यात हक्क सोडणे आणि कर्जातून मुक्त होणे या दोन क्रिया एकाच वेळी व्हाव्या लागतात. आधी हक्कसोडपत्र झाले आणि नंतर बँकेने नाव कमी करण्यास नकार दिला, तर हक्क सोडणारा केवळ देणेकरी उरतो.

३. काही काळ घर संयुक्तच ठेवणे

बाजारभाव पडलेला असणे, मुलाचे शालेय वर्ष पूर्ण व्हायचे असणे किंवा एकट्याला कर्ज न मिळणे अशा कारणांनी ठरावीक मुदतीपर्यंत घर दोघांच्या नावावरच ठेवले जाते. मुदत कोणत्या तारखेला संपणार, तोपर्यंत हप्ता, मालमत्ता कर आणि सोसायटीची वर्गणी कोण भरणार, घरात न राहणाऱ्याला वापराबद्दल काही मिळणार का आणि मुदतीनंतर विक्री कशी होणार, हे लेखी ठरलेले नसल्यास या मार्गात वाद वाढतात.

४. पोटगीच्या बदल्यात घर

एकरकमी पोटगीऐवजी पती आपला हिस्सा पत्नीला देतो आणि उरलेले कर्ज फेडण्याची जबाबदारीही स्वीकारतो. पत्नीच्या दृष्टीने यातील धोका हा की घर तिच्या नावावर झाले तरी कर्ज फिटेपर्यंत ते गहाणच असते. म्हणून हुकूमनाम्यापूर्वी कर्ज पूर्ण फेडण्याची, किंवा शिल्लक कर्जाएवढी रक्कम न्यायालयात अथवा मुदतठेवीत राखून ठेवण्याची अट घातली जाते.

५. वाटपाचा दावा

समझोता न झाल्यास सहमालक वाटपाचा दावा करू शकतो. न्यायालय प्रथम प्राथमिक हुकूमनाम्याने हिस्से ठरवते. सदनिकेचे प्रत्यक्ष दोन तुकडे करणे सहसा शक्य नसते. अशा वेळी वाटप कायदा १८९३ च्या कलम २ नुसार निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा असणाऱ्याच्या विनंतीवरून न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. हिस्से समान असतील तर दोघांपैकी कोणीही एकटा अशी विनंती करू शकतो. कलम ३ नुसार दुसरा सहमालक न्यायालयाने ठरवलेल्या मूल्याला तो हिस्सा विकत घेण्याची तयारी दाखवू शकतो. हा मार्ग वेळखाऊ असून दावा चालू असतानाही मासिक हप्ता थांबत नाही.

हिश्शाचा हिशेब

वाटपासाठी घराचा बाजारभाव नव्हे, तर त्यातून शिल्लक कर्ज वजा करून उरणारे निव्वळ मूल्य विचारात घेतले जाते. पुढील उदाहरण काल्पनिक आहे.

घराचा आजचा बाजारभाव ९० लाख रुपये आणि शिल्लक कर्ज ५० लाख रुपये असल्यास निव्वळ मूल्य ४० लाख रुपये होते. हिस्से समान असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला २० लाख रुपये येतात. घर ठेवणाऱ्याला दुसऱ्यास २० लाख द्यावे लागतात आणि ५० लाखांचे कर्ज एकट्याने स्वीकारावे लागते. दोन्ही रकमा नव्या कर्जातून उभ्या करायच्या झाल्यास ७० लाखांचे कर्ज लागते. ते घराच्या किमतीच्या सुमारे ७८ टक्के होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे या एका निकषावर तरी हा व्यवहार बसतो.

याच घरावर ६० लाखांचे कर्ज शिल्लक असेल, तर निव्वळ मूल्य ३० लाख आणि प्रत्येकाचा वाटा १५ लाख होतो. एकूण गरज ७५ लाखांची, तर ८० टक्क्यांची मर्यादा ७२ लाखांची. म्हणजे किमान ३ लाख रुपये स्वतःच्या बचतीतून घालावे लागतात. नव्या कर्जाचा हप्ता एकट्याच्या पगारात बसतो की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा; प्रत्यक्षात अनेक समझोते तिथेच अडतात.

विभक्त झाल्यापासून घटस्फोटापर्यंतच्या काळाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. वरील पहिल्या उदाहरणात एकाने ३ वर्षे दरमहा ४०,००० रुपयांचा हप्ता एकट्याने भरला असेल, तर ती रक्कम १४ लाख ४० हजार रुपये होते. दुसऱ्याच्या वाट्याचे त्यातील ७ लाख २० हजार रुपये तो मागू शकतो. ही मागणी मान्य झाल्यास दुसऱ्याला २० लाखांऐवजी १२ लाख ८० हजार रुपये मिळतात. मात्र हप्ते भरणाराच त्या काळात घरात राहिला असेल आणि दुसऱ्याला बाहेर भाडे भरावे लागले असेल, तर दुसरा पक्ष घराच्या वापराचे मूल्य त्यातून वजा करण्याची मागणी करतो. म्हणून हिशेबाची तारीख, घराचे मूल्यांकन कोण करणार आणि या काळातील भरणा कसा धरायचा, हे मुद्दे समझोत्यात प्रथम निश्चित केले जातात.

संमतीच्या अटी

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब नुसार परस्परसंमतीने घटस्फोट घेताना दोन्ही पक्ष न्यायालयात संमतीच्या अटी सादर करतात. पहिल्या आणि दुसऱ्या प्रस्तावामध्ये सामान्यतः ६ महिन्यांचे अंतर असते. योग्य प्रकरणात न्यायालय ते माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. हुकूमनामा होण्यापूर्वी कोणताही पक्ष संमती मागे घेऊ शकतो. त्यामुळे घराचा हक्क सोडणे आणि रक्कम देणे यांचे टप्पे दोन्ही प्रस्तावांच्या तारखांशी जोडले जातात.

घराबाबतच्या अटींत पुढील बाबी नमूद केल्या जातात:

• घराचे संपूर्ण वर्णन, कर्जखात्याचा तपशील आणि ठरलेल्या तारखेची शिल्लक.
• हप्ता कोण, कोणत्या खात्यातून आणि कोणत्या तारखेपर्यंत भरणार.
• बँकेकडून सहकर्जदाराची मुक्तता मिळवण्याची मुदत, आणि ती न मिळाल्यास घर विकण्याची अट.
• हप्ता चुकल्यास दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीची भरपाई.
• मालमत्ता कर, सोसायटीची थकबाकी, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कोणाचा.
• कर्जाशी जोडलेल्या विमा पॉलिसीचे आणि संयुक्त बचत खात्याचे काय करायचे.

सोसायटी, नोंदणी आणि अन्य नोंदी

स्थावर मालमत्तेतील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणी कायदा १९०८ च्या कलम १७ नुसार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो. न्यायालयाच्या समझोता हुकूमनाम्याला नोंदणीतून सूट आहे. मात्र दाव्याचा विषय नसलेली स्थावर मालमत्ता त्यात समाविष्ट केल्यास ही सूट मिळत नाही. यामुळे घटस्फोटाच्या याचिकेतच घराचा उल्लेख आणि मागणी असण्याला महत्त्व येते.

महाराष्ट्रातील मुद्रांक कायद्यात पती-पत्नींमधील राहत्या घराच्या बक्षीसपत्राला नाममात्र शुल्काची सवलत आहे. ही सवलत नात्यावर आधारलेली असल्याने दस्त घटस्फोटापूर्वी झाला की नंतर, यावर शुल्क अवलंबून राहू शकते.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत भाग प्रमाणपत्रावरील आणि सभासद नोंदवहीतील नावे बदलावी लागतात. नामनिर्देशनही तपासावे लागते. नामनिर्देशित व्यक्ती त्या नोंदीमुळे मालक होत नाही, परंतु जुन्या जोडीदाराचे नाव तसेच राहिल्यास सभासदाच्या मृत्यूनंतर वारसांना अडचण येते. वीजमीटर, मालमत्ता कराची नोंद आणि हप्त्यासाठी बँकेला दिलेली स्वयंचलित कपातीची सूचना यांतील बदलही याच टप्प्यावर केले जातात.

बांधकाम चालू असलेल्या घराबाबत दोघांकडे पूर्ण मालकी नसून नोंदणीकृत विक्री करारातून आलेले हक्क असतात. अशा वेळी बँकेबरोबर विकासकालाही व्यवहारात सामील करून घ्यावे लागते.

हप्ते थकल्यास

हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकल्यास कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३ नुसार कर्जदारांना ६० दिवसांची मागणी नोटीस देऊ शकते. नोटिशीला हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. रक्कम न भरल्यास बँक घराचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावातून कर्ज फिटून रक्कम उरल्यास ती हक्कदार मालकांना मिळते.

सहकारी बँकांनाही सरफेसी कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. महाराष्ट्रातील पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ नुसार वसुली दाखला मिळवून कारवाई करतात.

वादात एकमेकांना धडा शिकवण्यासाठी हप्ते थांबवले जातात, तेव्हा दंड, व्याज आणि लिलावातील कमी किंमत यांचा तोटा दोघांच्याही हिश्शातून जातो. नोटीस जुन्या पत्त्यावर गेल्याने घर सोडून गेलेल्या जोडीदाराला कारवाईची माहिती उशिरा मिळते. म्हणून पत्ता बदलल्याचे बँकेला लेखी कळवणे आणि कर्जखात्याचा उतारा वेळोवेळी पाहणे सहकर्जदाराच्या हिताचे असते.

राहण्याचा हक्क

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ च्या कलम १७ नुसार कौटुंबिक नात्यातील स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. त्यासाठी घरावर तिचे नाव असण्याची आवश्यकता नाही. कलम १९ नुसार न्यायालय तिला घराबाहेर काढण्यास, तसेच घर विकण्यास किंवा त्यावर नवा बोजा चढवण्यास मनाई करू शकते. तिच्यासाठी तशाच दर्जाच्या पर्यायी निवासाची किंवा भाड्याची व्यवस्था करण्याचा आदेशही देता येतो. सामायिक घर सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी हा हक्क लागू होऊ शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. घटस्फोटापूर्वी घडलेल्या हिंसाचाराबाबत घटस्फोटानंतरही दाद मागता येते, असे त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे.

हा हक्क निवासाचा असतो, मालकीचा नव्हे. त्यामुळे कर्ज फिटत नाही आणि बँकेचे गहाण रद्द होत नाही. हप्ते थकलेल्या घरात राहण्याचा आदेश मिळालेल्या स्त्रीच्या दृष्टीने हप्ते कोण भरणार, याचा स्वतंत्र आदेश तितकाच आवश्यक ठरतो.

करविषयक बाबी

आयकर कायदा १९६१ मधील जुन्या करप्रणालीत सहमालक असलेल्या प्रत्येक सहकर्जदाराला स्वतः भरलेल्या रकमेवर वजावट मिळते. राहत्या घराच्या व्याजासाठी ही मर्यादा वर्षाला २ लाख रुपये असून मुद्दल फेडीची वजावट दीड लाखांच्या एकत्रित मर्यादेत येते. मालकी सोडल्यानंतर केवळ हप्ते भरणाऱ्याला ही वजावट मिळत नाही.

जोडीदाराला मोबदल्याविना दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न सामान्यतः देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. परंतु विभक्त राहण्याच्या करारानुसार दिलेल्या मालमत्तेला या नियमातून वगळले आहे. मोबदला घेऊन हिस्सा सोडल्यास तो हस्तांतरणाचा व्यवहार ठरून भांडवली नफ्यावर कर लागू शकतो. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे घर विकताना खरेदीदार १ टक्का करकपात करतो. विकणारा जोडीदार अनिवासी असल्यास ही कपात वेगळ्या आणि अधिक दराने होते. परदेशी स्थायिक झालेल्या जोडीदाराने पाठवलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यावर ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा २०२५ ने घेतली असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

गोव्यातील वेगळी पद्धत

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसल्यास पती-पत्नींची मालमत्ता सामायिक मानली जाते आणि घटस्फोटानंतर प्रत्येकाला निम्मा हिस्सा मिळतो. मालमत्तेबरोबर सामायिक देणीही विचारात घेतली जातात. वाटणीसाठी मालमत्ता व देणी यांची यादी करून चालवली जाणारी इन्व्हेंटरी नावाची न्यायालयीन प्रक्रिया आहे. ती आता गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी प्रक्रिया अधिनियम २०१२ नुसार चालते. त्यामुळे हिस्सा किती, हा महाराष्ट्रात पुराव्याने सोडवावा लागणारा प्रश्न गोव्यात बहुतांशी आधीच सुटलेला असतो. मात्र कर्जातून एकाची सुटका करण्यासाठी बँकेची संमती तेथेही लागते.

सुधारणेचे प्रयत्न

विवाहकाळात मिळवलेल्या स्थावर मालमत्तेत पत्नीला हिस्सा देण्याची तरतूद असलेले विवाह कायदे दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने संमत केले. परंतु लोकसभेची मुदत संपल्याने ते कायद्यात रूपांतरित झाले नाही. घटस्फोटाच्या दाव्याची माहिती गहाणदार बँकेला देऊन तिची बाजू ऐकण्याची सर्वसाधारण पद्धतही प्रस्थापित झालेली नाही. परिणामी संयुक्त कर्जाच्या घराबाबतचा निर्णय दोन ठिकाणी घ्यावा लागतो: मालकी व ताब्याचा प्रश्न न्यायालयात किंवा समझोत्यात सुटतो, तर कर्जाचा प्रश्न बँकेच्या टेबलावर. बँकेचे मुक्ततापत्र किंवा कर्ज फिटल्याचा दाखला हाती येईपर्यंत दुसरा भाग पूर्ण झाला असे मानता येत नाही.

हे सुद्धा पहा

• घटस्फोट
• पोटगी
• गहाण
• हिंदू विवाह कायदा
• कौटुंबिक न्यायालय
• गोवा नागरी संहिता
• सहकारी गृहनिर्माण संस्था